निविदा दिसते, जादा बाब दिसत नाही

(पोस्ट लांबली आहे. सवडीने वाचा.)

नगरपरिषदेच्या शाळेच्या नव्या इमारतीबद्दल मागे लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, आता सगळं ऑनलाइन आहे. निविदा महाटेंडर्सवर असते, कुणीही बघू शकतो. मग लपवायला उरलं काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की निविदा उघडल्यानंतर जे जे होतं ते सगळं उरलं.

सार्वजनिक बांधकामाचा आपल्याकडचा क्रम साधारण असा असतो. अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. इथपर्यंत बातमी येते, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. महाटेंडर्सवर जाऊन कॅप्चामधली वाकडीतिकडी अक्षरं टाइप करायची तयारी असेल तर निविदा सूचना, शुद्धिपत्रक, कुणाचा देकार किती होता, हेही बघायला मिळतं. बऱ्याच कामांत बी-१ नमुन्याचा करार असतो. म्हणजे दर खात्यानेच लिहिलेले असतात आणि ठेकेदार एवढंच सांगतो, की मी इतके टक्के कमी दराने करीन किंवा इतके टक्के जास्त दराने. एकच आकडा असतो आणि त्या आकड्यावर सगळ्या गावाचं लक्ष असतं.

पण जमीन अंदाजपत्रक वाचून तयार झालेली नसते. पाया खणताना काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघते. मध्येच कुणाच्या तरी लक्षात येतं की संगणक कक्ष धरलेलाच नाही. मग कामात अशा गोष्टी येतात ज्या मूळ यादीत नव्हत्या. त्यांना खात्याच्या भाषेत जादा बाब म्हणतात, साइटवर एक्स्ट्रा आयटेम. त्यांच्या दरांची वेगळी यादी होते, तिला ईआयआरएल म्हणतात. यादीतल्याच कामाचं परिमाण वाढलं तर करारातलं ३८ वं कलम लागू होतं. निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांच्या वर गेलेल्या भागाचा दर नव्याने ठरवता येतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. हे सगळं कायदेशीर आहे आणि गरजेचंही आहे. जादा बाब म्हणजे भ्रष्टाचार असं जे लोक सरसकट बोलतात त्यांनी एकदा पाया खणताना उभं राहून बघावं.

अडचण एवढीच आहे, की त्या टक्केवारीच्या एका आकड्यावर आपण महिनाभर चर्चा करतो, आणि त्यानंतर ज्या कागदांवर पैसे हलतात ते कागद मात्र फायलीत जातात. ती फाइल ऑनलाइन नसते.

मला हे इतकं टोचायचं कारण माझी नोकरी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण नेमकं काय करतो ते कधी लिहिलं नाही. आमचा एक ग्राहक म्हणजे अमेरिकेतली बांधकाम कंपनी. ती शाळा बांधते, दवाखाने बांधते. तिथे बांधकामाचा सगळा कारभार चालवणारं प्रोकोर नावाचं एक सॉफ्टवेअर बरंच वापरलं जातं. कॅलिफोर्नियातली कंपनी, २००२ साली सुरू झालेली. नकाशे, साइटवरचे प्रश्न, मजुरांची हजेरी, करार, बिलं, सगळं एका जागी. त्यात जादा कामाचीही एक जागा आहे. साइटवर काही बदल उपटला की आधी त्या बदलाची नोंद होते. मग त्या नोंदीवरून ज्या पोटठेकेदाराच्या कामावर परिणाम होणार आहे त्याला दर विचारला जातो. त्या विचारणीला ते 'रिक्वेस्ट फॉर कोट' म्हणतात. आपल्या सरकारी मराठीत 'दरपत्रक मागणी'. पोटठेकेदार तिथेच उत्तर देतो: एवढे पैसे लागतील, एवढे दिवस वाढतील, हा घ्या हिशेब.

या मागण्या त्या सॉफ्टवेअरमधून काढून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन टाकायच्या, हे माझं काम. हे एपीआयने होतं. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. संकेतस्थळाचा पडदा माणसांसाठी असतो, तिथे रंग, बटणं, चित्रं असतात. एपीआय ही त्याच माहितीची मागची खिडकी, दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी. रात्री दोन वाजता माझा प्रोग्रॅम त्या खिडकीवर जातो, आपला पास दाखवतो (हा पास थोड्या वेळाने आपोआप बाद होतो, मग नवा घ्यावा लागतो) आणि म्हणतो, या प्रकल्पातल्या काल रात्रीनंतर बदललेल्या सगळ्या दरपत्रक मागण्या दे. खिडकी एकदम सगळं देत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्याने देते. पहिला गठ्ठा घ्यायचा, दुसरा मागायचा, संपेपर्यंत मागत राहायचं. ज्याला जे बघायची परवानगी आहे तेवढंच त्याला मिळतं.

प्रत्येक मागणीसोबत काय येतं ते नीट वाचा, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावर आहे. मागणीचा क्रमांक. ती कुठल्या करारावर आहे. कुठल्या बदलामुळे निघाली. कुणाला विचारलं. कधी विचारलं. कधीपर्यंत उत्तर हवं होतं. सध्या ती कुठल्या टप्प्यावर आहे. उत्तर आलं असेल तर रक्कम, वाढणारे दिवस आणि जोडलेले कागद. म्हणजे दर किती आला ही त्यातली एक ओळ झाली. त्याच्या आधीच्या ओळी जास्त बोलक्या आहेत. कुणाला विचारलं आणि कधी विचारलं. विचारलं आणि उत्तरच आलं नाही, तर तेही दिसतं. न आलेल्या उत्तराचीही नोंद राहते, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत सगळं स्वच्छ आहे असं म्हणायचंय का? अजिबात नाही. खिडकीतून तेवढंच बाहेर येतं जेवढं कुणीतरी आत लिहिलेलं असतं. साइटवरच्या इंजिनिअरने फोनवर "तू कर रे, बघू नंतर" म्हटलं असेल तर जगातला कुठलाही एपीआय ते वाक्य आणून देणार नाही. तिकडेही असे फोन होतातच. फरक कुठे पडतो? मी ज्या कंपनीचं काम करतो तिथे मंजूर बदलाचा क्रमांक नसेल तर हिशेब विभाग पैसे सोडत नाही. त्यामुळे पोटठेकेदार स्वतःच मागे लागतो, की बाबा, मागणी टाक आधी. लोकांना शिस्त आवडते म्हणून नोंदी होत नाहीत, पैसे अडतात म्हणून होतात. शिवाय सरकारी शाळेचं काम असेल तर असे बदल शिक्षण मंडळाच्या जाहीर बैठकीत मंजुरीला येतात, बैठकीची विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते. कॅलिफोर्नियात तर शाळांच्या बांधकामात बदलांना मर्यादा आहे. लहान कामं सोडली तर मूळ कराराच्या १० टक्क्यांपलीकडे विनानिविदा जाता येत नाही.

आता आपल्या शाळेकडे येऊ.

माझा मामेभाऊ वायरिंगची कामं घेतो. सरकारी भाषेत त्याला जागाच नाही, तो पेटी ठेकेदार. मुख्य ठेका दुसऱ्याचा, त्याच्या हाताखाली हा. शाळेच्या कामात मूळ यादीत दिवे, पंखे, नेहमीचे पॉइंट होते. संगणक कक्ष आणि फळ्याऐवजी लावायचे स्मार्ट बोर्ड नंतर ठरले. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी त्याला सांगितलं, उद्या सकाळी काँक्रीट येणार आहे, आज रात्रीत जादा पाइप टाकून घे, कागद मागाहून करू. ज्याने वायरिंगचं काम बघितलंय त्याला कळेल की इथे थांबायची सोयच नसते. स्लॅब भरला की पाइपची संधी गेली. मग आयुष्यभर भिंतीवरून पट्ट्या दिसणार. त्याने चार पोरं लावून रात्री दोनपर्यंत पाइप आणि बॉक्स टाकले. पुढे केबलही त्यानेच ओढली. माल उधारीवर आणलेला. सगळे मिळून ३ लाख ४० हजार.

पैसे मागायला गेला की मुख्य ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर, "अरे, पालिकेने जादा बाबच मंजूर केली नाही अजून. मंजूर झाली की दुसऱ्या दिवशी तुझे पैसे." पालिकेत विचारलं तर बांधकाम विभागात त्याला कुणी ओळखतच नाही, कारण करार त्याच्या नावावर नाही. असे सात महिने गेले. दुकानदाराने उधारी बंद केली, मामींच्या बांगड्या पतपेढीत गेल्या. जलजीवनची बिलं थकली म्हणून राज्यभरातले ठेकेदार रस्त्यावर उतरलेले आपण पाहिले. त्यांना निदान संघटना आहे, निवेदन द्यायला लेटरहेड आहे. पेटीवाल्याकडे तेही नाही.

"दादा, तू त्या अमेरिकेतल्या लोकांचे कागद रात्री झोपेत काढतोस म्हणे. माझा एक कागद काढून दे की," असं तो एकदा म्हणाला. हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

मग माहिती अधिकारात अर्ज केला. आपल्या राज्यातल्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि विषय लिहिला, 'सदर कामातील जादा बाबी, त्यांच्या दरमान्यतेचे कागद व त्यांवर झालेली देयके.' कायद्यात ३० दिवस दिलेत. तिसाव्या दिवशी पत्र आलं, की दर ही ठेकेदाराची व्यापारी गोपनीय माहिती आहे, कलम ८(१)(ड). पहिलं अपील केलं. सुनावणीत मी एवढंच म्हटलं, की बिल देऊन झालेला दर गुपित कसा राहील? तो तर आपण सगळ्यांनी मिळून भरलाय. अपिलीय अधिकारी समजूतदार निघाले. त्यांनी आदेश दिला. मग २१४ पानं, पानाला २ रुपये, ४२८ रुपये भरून गठ्ठा हातात आला. क्रम नाही, निम्मी पानं तिरकी झेरॉक्स झालेली, काहींचे कोपरे गायब.

दोन रविवार बसलो त्या गठ्ठ्यावर. नोकरीत मी जे प्रोग्रॅमकडून करून घेतो तेच इथे हाताने करत होतो. कुठलं पान कुठल्या बाबीचं, कुठली तारीख आधीची, कुठली सही कुणाची. तिकडे मिनिटभराचं काम, इकडे दोन रविवार, आणि तेही अर्जापासून गठ्ठा हातात येईपर्यंत तीन महिने गेल्यावर.

त्यात दोन गोष्टी सापडल्या.

पहिली, भावाची जादा बाब मंजूर झालेली होती. नुसती मंजूर नाही, तिसऱ्या चालू देयकात तिचे पैसे मुख्य ठेकेदाराला मिळालेही होते. ज्या दिवशी त्याला "अजून मंजूर नाही" म्हणून परत पाठवलं, त्याच्या आधी पाच महिने. मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे, कनिष्ठ अभियंत्याची सही आहे, सगळं जागच्या जागी. पालिकेने पैसे दिले होते. त्याला ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. ही बाब दरसूचीत त्या स्वरूपात नाही म्हणून बाजारातून तीन दरपत्रकं घेऊन दर ठरवला, असं टिपणीत लिहिलंय. पद्धत म्हणून त्यात गैर काही नाही. दरसूचीत नसलेल्या कामाचा दर असाच काढावा लागतो. तीन दरपत्रकं फायलीत आहेत. तीन वेगळी लेटरहेड, तिन्हींवर एकच तारीख, आणि तिन्हींमध्ये 'लॅब'चं 'लँब' झालेलं. एका टायपिस्टकडे तीन दुकानदार एकाच दिवशी गेले असतील, योगायोग असू शकतो. मी त्यावर आरोप करत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही.

पण नसलेल्या कागदाबद्दल बोलू शकतो. दरपत्रकं आहेत, दरपत्रक मागितल्याचं पत्र नाही. एकही नाही. जावक क्रमांक नाही, कुणाला विचारलं त्याची यादी नाही, कशाचा दर विचारला त्याचं वर्णन नाही, किती दिवसांत द्या म्हटलं ते नाही. न विचारताच तीन उत्तरं आली आहेत! ज्या माणसाने ते काम रात्री दोनपर्यंत जागून केलं त्याला दर विचारल्याची तर खूणसुद्धा नाही. मंजूर दर त्याच्या दरापेक्षा बराच वर आहे. मधली रक्कम कुठे राहिली ते तुम्हीच ओळखा.

मी पुन्हा पुन्हा उत्तराऐवजी मागणीच्या कागदाबद्दल बोलतोय ते यासाठी. उत्तर नंतरही तयार करता येतं. मागच्या तारखेचं करता येतं, तिघांचं एकदम करता येतं. मागणी ज्या क्षणी यंत्रात नोंदली जाते त्या क्षणाचा शिक्का तिच्यावर बसतो, आणि तीन वेगळ्या लोकांना ती गेली की नाही हे मागाहून बनवणं अवघड होतं. माझ्या अमेरिकन ग्राहकाच्या लेखापरीक्षकाने पहिल्याच बैठकीत मला रक्कम विचारली नव्हती. "विचारलं कधी आणि उत्तर आलं कधी, या दोन तारखा मला हव्यात," असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा वाटलं, माणूस जरा विचित्र आहे. आता वाटत नाही.

"हे आपल्याकडे कसं जमणार" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं देतो. पहिलं आपलंच. केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात. आज लासलगावात कांदा कमीत कमी काय भावाने गेला, जास्तीत जास्त काय भावाने गेला, हे माझा प्रोग्रॅम इथे बसून काढू शकतो. सरकारने त्यासाठी २०१२ सालीच धोरण केलंय. म्हणजे यंत्रणा आहे, माणसं आहेत, सवयही आहे. शेतकऱ्याच्या कांद्याचा भाव उघडा ठेवायला आपल्याला काहीच वाटत नाही, ठेकेदाराच्या जादा बाबीचा भाव मात्र व्यापारी गुपित.

दुसरं उदाहरण युक्रेनचं. प्रोझोरो नावाची त्यांची सरकारी खरेदीची यंत्रणा २०१६ पासून सगळ्या सरकारी संस्थांना बंधनकारक आहे, आणि तिचा एपीआय कुणालाही खुला आहे. 'सगळे सगळं बघतात' हे तिचं ब्रीद. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. करार झाल्यावर त्यात बदल केला तर तो बदलही नोंदवावा लागतो, आणि कारण ठरावीक यादीतून निवडावं लागतं. परिमाण घटलं, बाजारभाव बदलला, मुदत वाढली, कर बदलला, असं. आपल्याकडच्या टिपणीत 'कामाच्या निकडीनुसार' हे चार ठिकाणी लिहिलं होतं. त्यातून कुणी काय मोजणार?

आणि कायद्याचं म्हणाल, तर मागायची वेळच यायला नको होती. माहिती अधिकार कायद्याचं ४ थं कलम लोक वाचत नाहीत. अर्ज करायचं कलम पुढे आहे, सहावं. चौथ्यात आधी सांगितलंय की प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले अभिलेख सूची करून, क्रम लावून ठेवावेत, आणि जे संगणकावर आणण्याजोगे असतील ते ऐपतीप्रमाणे वाजवी मुदतीत संगणकावर आणून नेटवर्कने जोडावेत. हे २००५ साली लिहिलंय. आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधीचा, २००२ चा. वाजवी मुदत म्हणजे किती, हा प्रश्न मी मुख्याधिकारी साहेबांना विचारला. त्यांनी चहा मागवला.

त्यांची बाजूही सांगायला हवी. बांधकाम विभागात दोन कनिष्ठ अभियंते, त्यातला एक शेजारच्या पालिकेचा अतिरिक्त कार्यभार सांभाळतो. साइटवर जायचं, एमबी लिहायची, नळ फुटला की तिकडे पळायचं, निवडणूक आली की मतदार याद्या. त्यांना वरून आणखी एक पोर्टल दिलं तर ते शिव्या देतील, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिल्या असत्या. एकच काम तीन पोर्टलवर भरायचं, हे आपल्या डिजिटल कारभाराचं खास वैशिष्ट्य आहे. म्हणून मी महागडं परदेशी सॉफ्टवेअर घ्या असं म्हणत नाही. आपल्या पालिकेला एपीआयचीही गरज नाही. वर्षाला किती जादा बाबी असतील? शंभरच्या आत. एक साधा एक्सेलचा तक्ता पुरे. पालिकेच्या संकेतस्थळावर, जिथे आत्ता स्वागताचे फिरते फोटो आहेत तिथे. स्कॅन केलेली पीडीएफ नको, कारण ती शोधता येत नाही आणि बेरीजही करता येत नाही.

तक्त्यात काय हवं तेही अर्जात लिहून दिलंय. कामाचं नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, जादा बाबीचं वर्णन, कारण, दरपत्रक मागणीची तारीख आणि जावक क्रमांक, कुणाकुणाला विचारलं, कुणाचं उत्तर कधी आलं, मंजूर दर, मंजुरीची तारीख, आणि कुठल्या देयकात रक्कम दिली. दर ठरेपर्यंत आलेली दरपत्रकं बंद ठेवा, ते बरोबरच आहे. नाहीतर दुसरा बघून भरेल. ठरल्यावर उघडा. आणि सोबत एक अट, जिच्याशिवाय हा तक्ता दोन महिन्यांत ओसाड पडेल. तक्त्यात ओळ नसेल तर त्या जादा बाबीचं देयक लेखा विभागाने घ्यायचं नाही. नगराध्यक्षांना वाटत असेल तर यासाठी सभेचा एक ठराव पुरे, मंत्रालयात जायची गरज नाही.

हा तक्ता असता तर माझ्या भावाला ज्या आठवड्यात बाब मंजूर झाली त्याच आठवड्यात मोबाइलवर दिसलं असतं. त्याला वकील लागला नसता, मीही लागलो नसतो. आता कागद दाखवल्यावर मुख्य ठेकेदाराने दोन हप्त्यांत पैसे द्यायचं कबूल केलंय. पहिला हप्ता आलाय, दुसऱ्याची वाट बघतोय. व्याज कुणी देणार नाही, बांगड्या अजून पतपेढीत आहेत. त्या वायरिंगवर संगणक कक्ष अजून सुरू झालेला नाही, कारण संगणकांची खरेदी वेगळ्या फायलीत आहे. ती फाइल मी बघितलेली नाही.

पुढचं काम सांगतो. राज्य सरकारने २०१८ साली आदेश काढलाय, की स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आणि तीस दिवसांची वाट नको. आपल्या पालिकेत ही पाटी जिन्याखाली लावलेली आहे, तिच्यासमोर सायकली उभ्या असतात. गेल्या तीन सोमवारी मी रजा टाकून गेलो. पहिल्यांदा "संबंधित कर्मचारी बाहेर आहेत" ऐकलं. दुसऱ्यांदा फाइल मिळाली, पाच वाजता काढून घेतली. तिसऱ्यांदा बांधकाम विभागातल्या बाईंनी स्वतःहून दोन फायली काढून ठेवल्या होत्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही तो तक्ता करताय ना, मला पण पाठवा. आम्हालाच सापडत नाही कधी कधी."

तर तक्ता मीच सुरू केलाय. शाळेच्या आठ बाबी भरून झाल्या. नाट्यगृहाची दुरुस्ती आणि स्टँडमागचा नाला बाकी आहे. नाल्याची फाइल जाड आहे, एकट्याने दोन तासांत होणार नाही. येत्या सोमवारी पावणेतीनला जिन्याजवळ भेटू. तिघे-चौघे आले तरी पुरेत, त्यातल्या एकाला मोजमाप पुस्तिका वाचता येत असेल तर उत्तमच. वही-पेन आणि ओळखपत्र घेऊन या.